अर्धा जांभळा ठिपका

१

अण्णा गेले ते स्वतःच्याच वर्कशॉपच्या अंगणात, दुपारी बारा चाळीसला, गाडी आणि मागची भिंत यांच्यामध्ये सापडून. गाडी घरचीच होती. चालवत होती धाकटी सून. उभी हयात दुसऱ्यांच्या गाड्या ताळ्यावर आणणाऱ्या माणसाला घरच्या गाडीने गाठावं, यावर गल्लीने दोन दिवस हळहळ केली आणि मग सगळ्यांचं एकमत झालं: बाईने ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. एकमत करणाऱ्यांत ती बाईही होती.

मी विमा कंपनीची सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि चूक कुणाची ते लिहायचं, हा माझा धंदा. यात बावीस वर्षं काढल्यावर माणसांबद्दल फारसं चांगलं मत उरत नाही, आणि सगळ्यांचं लगेच एकमत झालं की मला संशय यायला लागतो. कंपनीला त्याचं काय? "मॅडम, चालकाची चूक लिहा आणि फाइल बंद करा," एवढंच साहेब म्हणाले होते.

मी पोचले एकविसाव्या दिवशी, दुपारी दोनला. दारात थोरला मुलगा हात पुसत उभा होता. माझ्या मागे आणखी कुणी आहे का, ते त्याने वाकून पाहिलं.

"सर नाही आले?"

"सर घरी कपडे वाळत घालतायत. मी आलेय."

तो ओशाळला आणि बाजूला झाला. वर्कशॉप खाली, घर वर. रस्त्यावरून एक छोटा चढ अंगणात येत होता, आणि चढ संपल्यापासून मागच्या भिंतीपर्यंत मोजून सात पावलं. गाडी कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती. पुढचं तोंड चेपलेलं, बाकी धड.

थोरल्याचं काम इंजिन ट्यून करण्याचं. गिऱ्हाइकाची गाडी चाकं जागच्या जागी फिरवणाऱ्या रोलरवर चढवायची, लॅपटॉप जोडायचा आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलून तिला तरतरीत करायचं. अण्णांना हे अजिबात पसंत नव्हतं, हे त्याने मी न विचारताच सांगून टाकलं.

"पण घरच्या गाडीला आम्ही हात लावलेला नाही, मॅडम. अण्णांचा सक्त नियम होता, घरची गाडी कारखान्यातून आली तशीच राहणार. मी स्वतः तिचा कॉम्प्युटर वाचलाय. सगळं मूळचं आहे."

त्याने माझ्या हातात एक कागद दिला. धडकेच्या आधीचे पाच सेकंद गाडी स्वतःच नोंदवून ठेवते, ती नोंद. ॲक्सिलरेटरचं पेडल शून्यावरून चढलं, एक्क्याण्णव टक्क्यांवर गेलं, सव्वा सेकंद तिथेच राहिलं, मग पुन्हा शून्य. अगदी शेवटच्या क्षणी ब्रेक.

"चार वाजता ती पोलीस ठाण्यात जाऊन जबाबावर सही करणार आहे. पेडल चुकलं म्हणून. मग खटला, लायसन्स, काय व्हायचं ते होईल," तो म्हणाला. "तुमचा कागद त्याआधी मिळाला तर आमचंही एकदाचं सुटेल."

मी कागद पुन्हा वाचला. एक्क्याण्णव हा आकडा मला खुपला. घाबरलेला पाय चुकीच्या पेडलवर पडला तर तो तळाला जातो, शंभरवर. एक्क्याण्णववर सव्वा सेकंद कोण थांबतं?

२

ती ऑफिसच्या खोलीत बसली होती. पस्तिशीची बाई, पण बसण्यात म्हातारपण आलेलं. समोर टेबलावर जबाबाचा टाइप केलेला कागद आणि त्यावर पेन. शेजारी तिचा नवरा, म्हणजे धाकटा. तो वर्कशॉपचा काउंटर सांभाळतो, बिलं करतो, गिऱ्हाइकांशी गोड बोलतो. त्याचा हात तिच्या खांद्यावर होता. मी आत येताच तो उठला आणि स्वतः माझ्यासाठी चहा आणायला गेला. असले नवरे मी फार पाहिलेले नाहीत, म्हणून मला जरा हेवाही वाटला.

"तुम्हाला माझी सही कुठे हवीय?" तिने विचारलं.

"सही नको. काय झालं ते सांगा."

"काय सांगू? सकाळी गाडी सर्व्हिसिंग होऊन रस्त्यावर लावलेली होती. अण्णांनी खालून हाक मारली, रस्त्यात टँकर यायचाय, गाडी आत घे म्हणून. मी खाली आले. अण्णा नेहमीसारखे भिंतीशी उभे राहिले, हाताने ये ये करत. मला चढ जमतो, पण त्यांना आपलं वाटायचं की त्यांच्याशिवाय जमत नाही." तिने कागदावरचं पेन सरळ केलं. "मी नेहमीएवढाच पाय दिला. रोज देते तेवढाच. पण कागद म्हणतो एक्क्याण्णव. कागद कशाला खोटं बोलेल?"

"घरातले काय म्हणतात?"

"सासूबाई बोलत नाहीत. माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत. जाऊबाई मुलीला माझ्यापासून लांब बसवतात. हा एकटाच..." तिने दाराकडे पाहिलं. "सगळे नातेवाईक जमले होते तेव्हा हा उभा राहिला आणि म्हणाला, वडील माझे गेलेत आणि मी हिला माफ केलंय, आता कुणी हिला एक शब्द बोलायचा नाही. तो नसता तर मी जगले नसते, मॅडम."

धाकटा चहा घेऊन आला. त्याने हे ऐकलं असावं, कारण त्याने मान खाली घातली. साधा माणूस, मला वाटलं.

ती उठली तेव्हा माझ्या लक्षात आलं की कोपऱ्यात टेकवलेली काठी तिची आहे. उजवा पाय ती अख्खाच्या अख्खा उचलून ठेवत होती.

"हा पाय आत्ताचा?"

"नाही, तीन वर्षं झाली. जिन्यावरून पडले होते. घोट्यात स्क्रू आहेत. घोटा वळत नाही फारसा."

मी चहा तसाच ठेवला आणि तिला ताडपत्रीखालच्या गाडीत नेऊन बसवलं. मी बॅटरी जोडली, माझं तपासणीचं यंत्र लावलं आणि म्हणाले, "चढावर देता तसा पाय द्या."

यंत्राने पस्तीस टक्के दाखवले.

"आता जेवढा जाईल तेवढा दाबा."

तिच्या कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले. यंत्र छत्तीसवर जाऊन थांबलं.

"नाही जात पुढे," ती म्हणाली. "कधीच नाही गेला. ब्रेकला मी मांडीपासून पाय उचलून मारते, तो तळाला जातो. ह्याला घोट्यानेच दाबते."

म्हणजे पाय चुकून अख्खा पडला असता तर शंभर. मुद्दाम दाबला असता तर छत्तीस. एक्क्याण्णवचा पाय या बाईकडे नव्हताच, आणि तरी गाडीने एक्क्याण्णव ऐकले होते.

३

मी टॉर्च घेऊन चालकाच्या सीटपुढे उलटी आडवी झाले. पन्नाशीला आलेल्या बाईने हे करू नये, पण कंपनी माझ्या पाठीचा विमा काढत नाही. ॲक्सिलरेटरच्या वर एक प्लग असतो. पायाचा संदेश त्यातून गाडीच्या कॉम्प्युटरला जातो. आजूबाजूला तीन वर्षांची धूळ होती, पण हा प्लग बोटांनी पुसल्यासारखा स्वच्छ होता. आणि त्याच्या कडेवर रंगाचा एक ठिपका होता. जांभळा. अर्धाच होता, सुरीने कापल्यासारखा.

मी थोरल्याला हाक मारली आणि ठिपक्याचा अर्थ विचारला.

"आमची पद्धत आहे," तो म्हणाला. "कुठलाही जोड नीट बसवला की दोन्ही भागांवर मिळून एक ठिपका द्यायचा. जोड हलला तर ठिपका तुटतो, लगेच कळतं. प्रत्येकाचा रंग वेगळा, म्हणजे काम कुणाचं ते कळतं. अण्णांनी घालून दिलंय."

भिंतीवर पाटी होती. लाल अण्णांचा, हिरवा थोरल्याचा, पिवळा वायरमनचा. चौथा रंग नव्हता.

"मग हा जांभळा कुणाचा?"

त्याने वाकून पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "आमच्यात कुणाचाच नाही," तो म्हणाला. "बाहेरच्या कुणी तरी केलंय हे."

"काय केलंय?"

त्याची नजर काउंटरकडे गेली. मग मीच त्याला काउंटरमागच्या फळीकडे नेलं. तिथे पाच छोट्या काळ्या डब्या टांगलेल्या होत्या. बाजारात त्यांची नावं मोठमोठी आहेत, इथे सगळे नुसतं डबी म्हणत. डबी पेडल आणि प्लग यांच्यामध्ये बसते. पाय म्हणतो पाव, ती कॉम्प्युटरला सांगते पाऊण. इंजिनाची ताकद तसूभरही वाढत नाही, पण इंजिनाला हवा देणारं थ्रॉटल चटकन उघडतं आणि चालवणाऱ्याला वाटतं गाडी नवी झाली. गाडीच्या कॉम्प्युटरला ती हातही लावत नाही, त्यामुळे तो वाचला तर सगळं मूळचंच दिसणार. डबी काढली की मागे काही राहत नाही. राहिलाच, तर अर्धा ठिपका राहतो.

"या तुम्ही विकता," मी म्हणाले. "आणि अण्णांशी तुमचं भांडण यावरूनच होतं."

"होतं. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे." त्याचा आवाज चढला. "अण्णा म्हणायचे, तू ताकद विकत नाहीस, भास विकतोस. बरोबर होतं त्यांचं. पण मी माझ्या बापाला भिंतीशी मारीन? आणि मारून वर कॉम्प्युटर वाचून तुमच्या हातात देईन?"

दुसऱ्या वाक्यात तथ्य होतं. पण लपवणारी माणसंही कागद पुढे करतात, हे मी पाहिलेलं आहे. मी त्याला तिथेच उभा ठेवला आणि वायरमनला गाठलं.

४

वायरमन अण्णांच्या वयाचा, कमी बोलणारा. तारा सोलता सोलता त्याने उत्तरं दिली.

"त्या दिवशी सकाळी दहाला गाडी मीच रस्त्यावर नेऊन लावली. चढ उतरवली, वळवली. मऊ चालत होती, नेहमीसारखी."

"त्यानंतर गाडीला कुणी हात लावला?"

"मी पाहिलं नाही. थोरले साहेब दहापासून रोलरवर होते, गिऱ्हाईक शेजारी उभं. मी त्यांच्याच गाडीच्या तारा धरून होतो. आवाजात कुणाचं काही ऐकू येत नव्हतं. धडक झाली तेव्हाच आम्ही बाहेर आलो."

म्हणजे थोरला सुटला. डबी दहानंतर बसली आणि दहापासून तो साक्षीदारासकट रोलरवर होता.

"आणि अपघातानंतर? गाडीपाशी कुणी?"

"सगळे हॉस्पिटलात होते. मी दाराशी बसून होतो. कुणी सांगितलं नव्हतं, पण जाववेना." त्याने पहिल्यांदा मान वर केली. "धाकटे साहेब संध्याकाळी एकदा येऊन गेले. पोलिसांना गाडीचे कागद हवेत म्हणाले. टॉर्च घेऊन चालकाच्या बाजूने वाकले, पाचेक मिनिटं शोधत होते. रडत होते, मी तिकडे बघितलं नाही."

मी परत काउंटरवर गेले. धाकटा बिलं लावत होता. मी सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्या गाडीचे कागद कुठे असतात हो? मला नंबर ताडून बघायचाय."

"शेजारच्या सीटपुढच्या कप्प्यात," तो म्हणाला. "आणून देऊ?"

"नको, मी बघते."

शेजारच्या सीटपुढे कागद, आणि माणूस चालकाच्या पायाशी टॉर्च मारून पाच मिनिटं शोधतो. मला चहा आणून देणारा हाच तो. मघाशी वाटलेल्या हेव्याची मला लाज वाटली. पण पाटीवर त्याचा रंगच नव्हता, आणि रंगाशिवाय माझ्याकडे नुसता संशय होता. साडेतीन वाजून गेले होते.

त्याची पाठ वळताच मी फळीवरच्या डब्या एकेक करून उलट्या केल्या. चार डब्यांवर धूळ होती. पाचवी स्वच्छ होती, आणि तिच्या कडेवर थिनरने पुसल्यासारखा फिकट डाग होता. खाचेत मात्र थिनर पोचलं नव्हतं. तिथे जांभळ्या रंगाची एक बारीक रेघ उरली होती.

मी ती डबी गाडीत नेऊन बसवली. प्लगवरचा अर्धा ठिपका आणि डबीवरचा डाग कडेला कड लागून जुळले. डबीवर एक ते चार असे टप्पे होते आणि ती चारवर ठेवलेली होती. मी हाताने पेडल दाबलं, यंत्राची एक तार थेट पेडलला लावून, बरोबर पस्तीस टक्के धरून. कॉम्प्युटरला जे ऐकू गेलं तो आकडा खाली उमटला.

एक्क्याण्णव.

५

ऑफिसात ती एकटीच होती. पेन तिच्या हातात होतं. मी विचारलं, "जांभळा मार्कर कुणाकडे आहे इथे?"

ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा किंचित हसली असावी. "तो होय? तो याचा. लग्न झालं त्या वर्षी हौसेने आणला होता, पाटीवर आपलाही रंग असावा म्हणून. अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, काउंटरवरच्या माणसाला रंग कशाला? तेव्हापासून खणात पडून आहे. त्याने तो कधी..."

ती थांबली. माझ्या हातातली डबी तिला दिसली. मोटारवाल्यांच्या घरातली बाई होती ती, डबी काय करते हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने आपल्या घोट्याकडे पाहिलं, मग डबीकडे, आणि हळूच पेन खाली ठेवलं.

दारात धाकटा उभा होता. त्याच्या मागे थोरला. मी त्यांना एवढंच सांगितलं, की दहाच्या पुढे ही डबी कुणी बसवली, संध्याकाळी कुणी काढली आणि पस्तीसचे एक्क्याण्णव कसे झाले. ठिपका दाखवला. धाकट्याने नाकबूल केलं नाही. मला वाटलं होतं करेल.

"तुझ्यासाठीच बसवली," तो तिला म्हणाला. "तुझा पाय दुखतो. चढावर गाडी ओढत नाही म्हणायचीस. थोडासा पाय दिला तरी गाडी उठेल, तुला त्रास होणार नाही. संध्याकाळी शेजारी बसून तुला चालवायला देणार होतो. अण्णांनाही बोलावणार होतो, बघा म्हणणार होतो, मला जमतं. तू दुपारीच गाडी काढशील हे मला काय माहीत?"

"चारवर कशाला ठेवलीस रे?" थोरला ओरडला. "चार तर मीसुद्धा कुणाला देत नाही!"

"मला वाटलं, जास्त म्हणजे चांगलं."

काम येत नाही म्हणून ज्याला काउंटरवर बसवलं त्याने आयुष्यात एकच काम केलं, आणि ते आपलं आहे हे सांगायला त्यावर ठिपकाही दिला. मला त्याची कीव आली. ती मला आवडली नाही.

"ठिपका का दिलास?" तिने विचारलं.

"जोड लागला की देतात."

"आणि काढलीस कशाला?"

"घाबरलो गं. आधी सांगणार होतो. मग तूच म्हणालीस, पेडल चुकलं असेल. सगळ्यांनीच तेच धरलं. मग दिवस जात गेले."

ती काठीवर भार देऊन उठली. तिचा आवाज चढला नाही, आणि मला तो चढलेला बरा वाटला असता.

"घाबरलास, ते समजलं. डबी बसवलीस, तेही समजलं, माझ्यासाठी बसवलीस. पण सगळे जमले होते तेव्हा तू उभा राहिलास आणि म्हणालास, मी हिला माफ केलं. मला खाली बसता येत नाही. तरी मी बसले, सगळ्यांच्या देखत, आणि तुझे पाय धरले. आठवतंय? तू मला हात देऊन उठवलंस."

तो रडत होता. "मला माफ कर," तो म्हणाला.

तिने टेबलावरचा जबाबाचा कागद उचलला, कोरी बाजू वर करून त्याच्यासमोर ठेवला आणि पेन त्यावर ठेवलं.

"आधी लिही," ती म्हणाली. "मग वर जाऊन तुझ्या आईला वाचून दाखव. मोठ्याने वाच. मला इथे ऐकू आलं पाहिजे."

तो लिहायला बसला. चार वाजायला दहा मिनिटं होती. थोरला भिंतीला टेकून उभा होता, आपल्याच फळीवरच्या उरलेल्या चार डब्यांकडे बघत. मी माझा अहवाल काढला आणि चालकाच्या चुकीच्या रकान्यात "नाही" लिहिलं. साहेब ओरडणार होते.

थोड्या वेळाने वरून त्याचा आवाज आला. तो पहिल्याच ओळीला अडखळला. ती खाली जिन्याशी काठी धरून उभी होती, आणि मान वर करून म्हणाली, "पुन्हा वाच. सुरुवातीपासून."